तिकडे सगळे घेतात म्हणे!

सांगलीतल्या आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर लाल दिव्यावरून जुंपली आहे. विश्रामबागेत कुणीतरी रेड लाइट थेरपीचं सेंटर काढलंय. गुडघे, केस, सुरकुत्या, शुगर, सगळ्यावर एकच दिवा. एक काका म्हणतात, शुद्ध लूट. दुसरे म्हणतात, आपल्या सूर्यनमस्काराची गोऱ्यांनी केलेली नक्कल. आणि दोघांनाही गप्प करणारं आत्याचं हुकमी वाक्य: "जर्मनीत सर्रास घेतात. विचारा की आपल्या पोराला."

पोर म्हणजे मी. वय पन्नाशीकडे, मुक्काम श्टुटगार्ट.

तर इथल्या आज्यांच्या कपाटात एक लाल बल्ब असतो खरा. सर्दी झाली, मान धरली, की त्यापुढे बसायचं. तो शेक देतो, बस्स. आपली गरम पाण्याची पिशवी तेच करते. सेंटरमधला एलईडी पॅनल निराळा, त्याचं काम शेकण्याचं नाहीच. तो साधारण ६३० ते ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल आणि ८१० ते ८५० चा, डोळ्याला जवळपास न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो. पेशींच्या मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे त्यांच्या ऊर्जाघरातलं, सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे एन्झाइम तो शोषतं आणि पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, असं मानतात. १९६० च्या दशकात बुडापेस्टच्या एन्ड्रे मेस्टर यांनी उंदरांची पाठ भादरून तिच्यावर लेसर सोडला, कर्करोग होतो का बघायला. कर्करोग झाला नाही, केस मात्र भराभर उगवले. तेव्हा काका, सगळीच लूट नाही.

केमो-रेडिएशननं तोंड सोलवटतं, ते टाळायला हा प्रकाश वापरावा अशी काही रुग्णांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. विरळ केसांना थोडा फायदा दिसतो, सुरकुत्यांनाही थोडा. गुडघ्यांबाबत निष्कर्ष उलटसुलट. आणि मात्रा महत्त्वाची: कमी पडली तर काही होत नाही, जास्त झाली तर होणारा फायदाही जातो. सेंटरवाल्याला तरंगलांबी किती, अंतर किती, मिनिटं किती, हे कुणी विचारलं? नाही. जर्मनीचं नाव पुरलं.

शुगरच्या गोळ्या बंद कराव्यात असा पुरावा कुठेच नाही. आत्याच्या टाचेला जखम आहे. हाकेच्या अंतरावर मिरज, १८९४ मध्येच मिशन हॉस्पिटल सुरू झालेलं गाव, जिथे कर्नाटकातून पेशंट येतात, आणि ही बाई टाच कुणाला दाखवायची ते श्टुटगार्टला विचारते! इथे मला त्वचारोगतज्ज्ञाची तारीख तीन महिन्यांनी मिळते, हे मात्र मी ग्रुपवर कधी लिहीत नाही.

चिडतो खरा, पण साक्षीदार म्हणून बोलावलं की बरंही वाटतं. ऑफिसातली मंडळी कुर्कुमा लाटेचा, म्हणजे हळद घातलेल्या दुधाचा, कप हातात घेऊन विचारतात, तुमच्याकडे हे रोज पितात ना? आमच्याकडे हळदीचं दूध खोकला झाल्यावर, तेही नाक दाबून प्यायचे. मी म्हणतो, रोज, सर्रास. शिवाय सांगलीच्या हळदीला जीआय टॅग आहे, हेही ऐकवतो.

गावच्या बाकी भांडणात मला कोण विचारतं? मागच्या अंगणातली भिंत पाडायची की ठेवायची, यावर महिनाभर खल झाला. मला फोटो आला तो भिंत पाडून झाल्यावर. दिव्याचं मात्र विचारलं, म्हणून एवढं लांबलचक उत्तर लिहिलं. ग्रुपवर कुणी पुरतं वाचणार नाही, आणि आत्या "बघा, जर्मनीहून आलंय" म्हणत तेच सेंटरवाल्याला दाखवून सवलत मागेल.