रवांडा म्हणे सगळं विसरला!

फॅमिली ग्रुपवर काकांनी तो रवांडाचा फॉरवर्ड परत टाकलाय. १९९४ ला या आफ्रिकेतल्या देशात १०० दिवसांत ८ लाख लोक (बहुतेक तुत्सी जमातीचे, मारणारे हुतू जमातीचे कट्टर लोक) मारले गेले, मग जनतेने सगळं विसरून एकमेकांना माफ केलं, एका कडक नेत्याने देशाचं सिंगापूर केलं, आता तिथे शांतताच शांतता. मारल्याचा आकडा साधारण बरोबर आहे. बाकीचं बघू.

विसरले? अहो दरवर्षी ७ एप्रिलपासून तिथे दुखवटा पाळतात. आणि माफीचं म्हणाल तर १९९८ मधे या हत्याकांडातल्या २२ दोषींना लोकांसमोर गोळ्या घातल्या, मृत्युदंड रद्द झाला तो थेट २००७ ला. तुरुंगात लाखाच्या वर माणसं कोंबलेली, नेहमीच्या कोर्टात एवढे खटले उरकणं शक्यच नव्हतं, म्हणून मग गावातच गवतावर बसून निवाडा करायची जुनी पद्धत बाहेर काढली, गचाचा. पंच गावातलेच. अशी जवळपास १२ हजार कोर्टं, आणि २०१२ ला बंद होईपर्यंत १९ लाखांच्या आसपास केसेस. कबूल केलं, प्रेत कुठे टाकलं ते सांगितलं तर शिक्षा कमी, आणि शिक्षा भोगून तो माणूस परत तुमच्याच शेजारी राहायला येणार. हे विसरणं आहे का सांगा. बरं त्यातही एक गोम आहे, हत्याकांड थांबवून जिंकलेल्या आरपीएफच्या (तुत्सींचं वर्चस्व असलेली बंडखोर संघटना, आता सत्ताधारी पक्ष) लोकांनी केलेल्या हत्या गचाचापुढे येऊच दिल्या नाहीत. हे फॉरवर्डमधे कुठेय?

सिंगापूरबद्दल काय बोलायचं. किगाली चकाचक आहे हे खरंय, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सगळे श्रमदान करतात (दांडी मारली तर दंड होऊ शकतो बरं का). पण दरडोई उत्पन्न वर्षाला हजार डॉलरच्या आसपास, सिंगापूरचं त्याच्या ऐंशी पटीच्या वर.

कडक नेता म्हणजे राष्ट्राध्यक्ष पॉल कागामे. रस्ते, आरोग्य विमा, मान्य. पण २०२४ ला ९९ टक्के मतं? आपल्याकडे सोसायटीच्या सेक्रेटरीला पण एवढी पडत नाहीत. अर्थात मोठ्या विरोधकांना उभंच राहू दिलं नव्हतं.

राहिली शांतता. देशाच्या आत आहे, पण १९९६ आणि १९९८ ला याच रवांडाचं सैन्य काँगोत घुसलं होतं आणि जानेवारी २०२५ मधे एम२३ या काँगोतल्या बंडखोरांनी तिथलं गोमा शहर घेतलं तेव्हाही त्यांच्यासोबत रवांडाचे सैनिक होते असं यूएनचे तज्ज्ञ सांगतात. गोमा अगदी रवांडाच्या बॉर्डरला खेटून आहे. त्या भागात यूएनच्या शांतिसेनेत आपल्या जवानांनी कित्येक वर्षं ड्युटी केलीय, ग्रुपवरच्या कोणाच्या ओळखीत असा फौजी असेल तर काकांची गाठ घालून द्या.