दीडशे अक्षरांत समाजसेवा

ओळखीतल्या एका मुलीचा परवा फोन आला. इंग्रजी घेऊन एम.ए. झालीय, बी.एड. झालंय. म्हणाली, "ताई, तुमच्या लाइनमध्ये यायचं म्हणतेय. कॉलेज कौन्सेलिंग. परदेशात जाणारी हुशार मुलं, एसी केबिन, मे महिन्याची सुट्टी."

पुण्यातल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेच्या अशाच केबिनमध्ये मी चौदा वर्षं बसतेय. एसी आहे. त्याचा रिमोट ॲडमिनच्या ड्रॉवरमध्ये असतो. सुट्टीचं म्हणाल तर आमच्या मुलांची आयबीची, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय बोर्डाची, परीक्षा मे महिन्यात होते, निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो आणि मधल्या काळात पालकांना झोप लागत नाही. त्यांना लागत नाही म्हणजे मलाही लागू देत नाहीत. पण फोनवर तिला यातलं काहीच बोलले नाही. १ नोव्हेंबरच्या रात्रीपासून माझा स्वतःच्या तोंडावर भरवसा राहिलेला नाही. म्हणून लिहून देते. तिच्यासाठी, आणि या क्षेत्रात उडी मारायला निघालेल्या तुम्हा सगळ्यांसाठी.

आधी भाषा सुधारा. शाळा म्हणू नका, कॅम्पस म्हणा. मुलगा हुशार नसतो, चेंजमेकर असतो. बाबांच्या मित्राच्या ऑफिसात आठ दिवस चहा पिऊन आला की ती इंटर्नशिप. आईने स्टेशनरीच्या दुकानातून आणलेल्या पुठ्ठ्यावर मोटर चिकटवली की इनोव्हेशन. आणि अकरावीतल्या मुलीने पैसे भरून कुठल्याशा जर्नलमध्ये मशीन लर्निंगने कॅन्सर ओळखण्यावर पेपर छापून आणला, तर तिला कॅन्सरबद्दल किंवा मशीनबद्दल एकही प्रश्न विचारायचा नाही. बिचारी घाबरते.

भूगोल आणि इतिहास यांपासून लांब राहा. "आयव्ही लीगच हवं मॅडम, नाहीतर निदान स्टॅनफर्ड किंवा एमआयटी तरी" असं कुणी म्हणालं, तर ही दोन्ही आयव्ही लीगमध्ये नाहीतच, ती आठ विद्यापीठांची मुळात खेळांच्या स्पर्धांची संघटना आहे, १९५४ सालची, असलं पुस्तकी ज्ञान पाजळायचं नाही. त्याहून महत्त्वाचं, "स्कॉलरशिपवरच पाठवणार" असं दोन फ्लॅट आणि एक फार्महाऊस असलेले गृहस्थ म्हणाले, तर त्या आठांपैकी एकही विद्यापीठ गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाही, घरची ऐपत बघूनच मदत देतात, हे सांगायचं धाडस करू नका. मी केलं होतं. "तुम्हाला अपडेट नाही वाटतं," असं उत्तर मिळालं.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे एकाच वर्षी अर्ज करता येत नाही, हे दर सप्टेंबरात सांगा आणि दर सप्टेंबरात "पण आमच्या ओळखीतल्या एकाने केला होता" हे ऐका.

प्रेडिक्टेड ग्रेडचं शास्त्र मात्र नीट शिकून घ्या. मुलाला मे महिन्यात ४५ पैकी किती गुण मिळतील, याचा शिक्षकांनी आधीच्या ऑक्टोबरात बांधलेला अंदाज. पूर्वी हे काम पंचांगवाले करायचे आणि त्यांना निदान दक्षिणा मिळायची. आमच्या फिजिक्सच्या सरांनी अंदाज खरा सांगितला आणि बेरीज ३६ वरच थांबली, की दुसऱ्या दिवशी सकाळी आई-बाबा हजर. "४२ द्या ना मॅडम. मग तो मोटिव्हेट होईल आणि ४२ आणेल." म्हणजे आधी बारसं उरकून घ्या, लग्नाचं नंतर बघू.

मॉडेल युनायटेड नेशन्सला, म्हणजे मुलांच्या लुटुपुटीच्या संयुक्त राष्ट्रसंघाला, मुलांना जरूर पाठवा. खऱ्या सुरक्षा परिषदेत वर्षानुवर्षं अडून बसलेले ठराव तिथे दुपारच्या जेवणाआधी मंजूर होतात.

आयबीच्या डिप्लोमात निदान अठरा महिने उपक्रम करून त्यावर चिंतन लिहायचं असतं. आमच्या मुलांची तयारी अशी, की कार्यक्रम शनिवारी असतो आणि चिंतन गुरुवारीच अपलोड झालेलं असतं.

आता समाजसेवा. इथे जरा सावरून बसा.

अमेरिकेच्या कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठीच्या सामाईक ऑनलाइन अर्जावर, अभ्यासाबाहेरच्या उपक्रमांसाठी दहा रकाने असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. साधनाताई आणि बाबा आमट्यांनी वरोऱ्याच्या माळावर अख्खं आयुष्य घातलं, त्यांना ही जागा पुरली नसती. आमच्या मुलांना पुरते आणि वर पदवी लिहायला उरतेही. पदवी ठरलेली: फाउंडर. सदस्य, कार्यकर्ता, मदतनीस असलं काही चालत नाही. त्यामुळे माझ्या एका वर्गात अठ्ठावीस मुलं आणि एकोणीस संस्था. उरलेल्या नऊ जणांच्या घरी भांडणं चालू आहेत. संस्था अकरावीच्या एप्रिलमध्ये जन्मते, नाव इंग्रजी असतं, लोगो काकांच्या ओळखीतला माणूस करून देतो आणि बारावीच्या जानेवारीत अर्ज गेले की ती शांतपणे मरते. कुणी सुतकही पाळत नाही.

या संस्थांना लागतात गरीब मुलं. आणि गरीब मुलं पुण्यापासून दीड तासाच्या अंतरावर हवीत, नाहीतर त्याच दिवशी परत येऊन क्लासला जाता येत नाही. मुळशीकडची एक जिल्हा परिषदेची शाळा या दृष्टीने फार सोयीची आहे. दोन खोल्या, चार इयत्ता, एकवीस पोरं. ऑगस्टमध्ये एका रविवारी मलाही जावं लागलं. तीन मोठ्या गाड्या, सहा चेंजमेकर, एक भाड्याचा फोटोग्राफर आणि रोबोटिक्सची कार्यशाळा. रविवारी पोरांना बोलावून घेतलेलं. गुरुजींनी स्वागत केलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, या वेळी फ्लेक्सवर तारीख घातलीये का? मागच्यांनी घातली होती, मग दुसऱ्यांना वापरता येत नाही." जूनपासूनची आमची चौथी संस्था होती. आधीचे फ्लेक्स कुठे आहेत तेही बघितलं. शाळेमागे खिचडी शिजते, तिथल्या लाकडांवर पावसासाठी अंथरलेले. त्यांवरचे फाउंडर ओल्या सरपणावरून माझ्याकडे बघून हसत होते.

मग फोटोग्राफरने कॅमेरा बाहेर काढला. पहिल्या ओळीत तिसरीतली एक मुलगी बसली होती, दोन वेण्या, लाल रिबिनी. कॅमेरा दिसल्याबरोबर ती उठली, पायातल्या चपला काढल्या, भिंतीकडेला जोडीने ठेवल्या आणि परत येऊन बसली. तिचं बघून सगळ्या ओळीने काढल्या. कुणी काही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "अगं, चपला का काढल्या?" ती म्हणाली, "मागच्या दादांनी सांगितलं होतं ना, फोटोत चपला नको."

आठ वर्षांची पोर. आपण कशासाठी आहोत ते तिला समजलंय. अनवाणी दिसायचं, हात वर करायचे, "थँक यू दादा" म्हणायचं, बिस्किटाचा पुडा घ्यायचा. आणि हे शिकवणाऱ्याच्या अर्जात त्या दिवसाची नोंद काय असेल? एम्पॉवर्ड रूरल चिल्ड्रन.

गुरुजींना मी विचारलं, शाळेला खरं काय हवंय. म्हणाले, पाण्याची टाकी गळतेय, पाइपाचा सांधा गेलाय, दोन-अडीच हजाराचं काम आहे, पण एवढ्याशासाठी प्लंबर वर यायला तयार नाही. मी हे सोबत आलेल्या एका बाबांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, "मॅडम, टाकीत लीडरशिप दिसत नाही."

सहांतला एक मुलगा मात्र त्या गटाच्या फोटोत नाही. शोधायला गेले तर शाळेच्या मागे बादली उलटी घालून तिच्यावर उभा. गावातून सायकलची जुनी ट्यूब मागून आणली होती, ती पट्टीसारखी कापून सांध्याला ओढून ओढून गुंडाळत होता. शर्टाची वाट लागली होती. "तात्पुरतं आहे मॅम, पण दोन महिने टिकेल," म्हणाला. कुठे शिकलास? "आजोबांच्या गिरणीत."

तर पुढचा सल्ला. निबंध. कॉमन ॲपचा मुख्य निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा. या मुलाने तो गिरणीवर लिहिला. वाईजवळच्या गावात आजोबांची पिठाची गिरणी. सुट्टीत तिथे बसून डोळे मिटून ओळखायचं, ज्वारी पडतेय की गहू. पट्टा सैल झाला की आवाज कसा बदलतो. आजोबांना ऐकू कमी यायला लागलं तेव्हा ते जात्याच्या चौकटीवर हात ठेवून यंत्र ऐकायचे, ते. त्याला कंपनांचं शास्त्र शिकायचंय, का शिकायचंय, हे शेवटच्या चार ओळींत. ऑगस्ट ते ऑक्टोबर, अकरा खर्डे. मी फक्त स्वल्पविराम हलवले. चौदा वर्षांत असे निबंध मी फार तर पाच-सहा वाचले असतील.

तुम्हाला कधी असा निबंध मिळाला, तर माझा प्रेमाचा सल्ला: जीव लावू नका. कारण मुलगा लिहितो, पण पासवर्ड बाबांकडे असतो.

१ नोव्हेंबर, शनिवार. अर्ली डिसिजनची शेवटची तारीख. हा अर्ज बांधून घालणारा असतो: घेतलं तर जायचंच, आणि त्यावर विद्यार्थी, पालक आणि कौन्सेलर अशा तिघांच्या सह्या. रात्री १० वाजून ५२ मिनिटांनी फोन. "मॅडम, छोटासा बदल करतोय. अमेरिकेत अजून दुपारच आहे, घाई नाही." कॉमन ॲपची मुदत अर्ज भरणाऱ्याच्या गावच्या घड्याळाप्रमाणे, रात्री ११.५९ ला संपते, हे मी ऑगस्टपासून चार वेळा लेखी कळवलं होतं. छोटासा बदल म्हणजे अख्खा निबंध. एका कन्सल्टंटकडून करून घेतलेला, कन्सल्टंटने बहुधा यंत्राकडून. सुरुवात अशी, की अनवाणी मुलांच्या डोळ्यांत मला उद्याचा भारत दिसला. मग रोबोटिक्स, मग नेतृत्व, मग विश्वबंधुत्व. अनवाणी!

मी विचारलं, गिरणीला काय झालं?

"गिरणी? अहो मॅडम, आपण काय गिरणीवाले वाटतो का?"

मागून मुलाचा आवाज आला, एकदाच, "बाबा, राहू द्या ना." मग दार लागल्याचा आवाज. ११ वाजून ४१ मिनिटांनी अर्ज गेल्याचा ईमेल.

तर नवोदितांनो, अशा वेळी शांत राहावं, पाणी प्यावं, "ऑल द बेस्ट" असा मेसेज करावा आणि...

नाही जमत. सरळच बोलते.

अहो बाबा, तुम्ही गिरणीवाल्यांचेच आहात. तुमच्या वडिलांनी पंचक्रोशीचं दळण दळलं, त्या पिठाच्या पैशांवर तुम्ही इंजिनिअर झालात आणि आज बाणेरला बाराव्या मजल्यावर राहता. यात लाज वाटण्यासारखं काय आहे? लाज वाटायचीच असेल तर त्या चपलांची वाटू द्या. अर्जाच्या शेवटी तुमच्या मुलाच्या नावाने एक प्रतिज्ञा असते, की हे सगळं माझं स्वतःचं आणि खरं आहे. सतराव्या वर्षी पोराला पहिली खोटी सही करायला तुम्ही लावलीत, तुमच्या दिवाणखान्यात, तुमच्या देखत. उद्या त्याने तुमच्याशी खोटं बोललं तर कुठल्या तोंडाने रागावणार? आणि फी किती दिलीत त्या कन्सल्टंटला? टाकीचे सांधे कितीदा बदलून झाले असते त्यात?

१८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला फिलाडेल्फियाच्या कॉलेजात गेल्या, त्या स्वतःच्या हाताने पत्र लिहून. त्यांच्या वडिलांनी शेवटच्या तासाला मजकूर बदलला नव्हता. तुमच्या मुलालाही लिहिता येतं हो. छान येतं. तुम्ही फक्त खोलीबाहेर थांबायचं होतं.

आणि शाळा म्हणून आम्ही काय करतो? गाड्यांची परवानगी आम्ही देतो. त्या रविवारी मी तिथे उभी होते आणि फोटो काढू दिला. एकवीस पोरं अनवाणी बसलेली आणि मी सतरंजीच्या टोकाशी, सँडल घालून. "चपला घाला गं" एवढं म्हणायला कितीसा दम लागतो? नाही म्हणाले.

सोमवारी तो मुलगा केबिनच्या दारात आला, सॉरी मॅम म्हणाला आणि निघून गेला. सॉरी त्याने म्हणायचं!

आता तुमच्या मेसेजबद्दल. शिफारसपत्राचा ड्राफ्ट तुम्ही पाठवलाय, "फक्त सही करून अपलोड करा, आणि फायनल कॉपी मला पाठवा." तुमचा ड्राफ्ट मी उघडलेला नाही. कौन्सेलरचं पत्र मीच लिहायचं असतं आणि ते मी त्याच रात्री लिहिलं, पहाटे सव्वादोनला पाठवलं. कॉपी मिळणार नाही. अर्ज भरताना शिफारसपत्रं वाचण्याचा हक्क तुमच्या मुलाने सोडून दिलाय. खूण तुम्हीच करायला लावली होती, मी बघितलंय.

त्यात गिरणी आहे. टाकीपण आहे.