सुप्रभात, पाणी ६:४० ला

सोसायटीच्या सभेला जो गैरहजर राहतो त्याच्या गळ्यात पद पडतं, हे मला डोंबिवलीत बावीस वर्षं काढून कळायला हवं होतं. मी सांगलीला लग्नाला गेलो आणि परत आलो तो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन होऊनच. "तुम्हाला वेळ असतो," सेक्रेटरी म्हणाले. हे कौतुक होतं की टोमणा, ते अजून ठरायचंय.

आधीचे अ‍ॅडमिन फार उदार. म्हणजे त्यांनी ग्रुप म्यूट करून ठेवला होता. ७२ फ्लॅट, आणि पहाटेपासून फुलं, देव, मधुमेहावर कारल्याचा रस. 'लिफ्ट बंद आहे' हा निरोप त्या ढिगाऱ्यात असा गाडला जायचा की पाचव्या मजल्यावरच्या आजींना तो भाजीची पिशवी घेऊन लिफ्टसमोर उभं राहिल्यावरच कळायचा. एक फॉरवर्ड एका वेळी पाचच ठिकाणी, अशी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये भारतात घातली. पण बी विंगच्या काकांच्या पहिल्या पाचांत आमचा ग्रुप हमखास असायचा.

मी पहिल्याच रात्री कुलूप लावलं. फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय असते, ती चालू केली. कोणी विचारलं तर उत्तर तयार होतं: "भलतंसलतं काही आलं तर पोलीस मला धरतील." यावर वकील भाच्याने सांगितलं की २०२१ मध्येच नागपूर खंडपीठाने म्हटलंय, केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून सदस्याच्या पोस्टचा गुन्हा त्याच्यावर येत नाही, त्याचा त्यात सामील हेतू असावा लागतो. भाचे शिकवू नयेत.

दोन दिवस रामराज्य होतं. तिसऱ्या दिवशी नळाला तांबडं पाणी आलं आणि माझ्या दाराची बेल सकाळी नऊपर्यंत चौदा वेळा वाजली. बायको मात्र निवांत. "गच्चीवर आलंय की सगळं," ती म्हणाली. 'गच्ची' हा नवा ग्रुप होता. त्यात एकाहत्तर घरं होती. आणि ही होती.

निमूटपणे कुलूप काढलं. पण हात शिवशिवत होते. दुसऱ्याचा मेसेजही अ‍ॅडमिनला सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, तेव्हा काकांचा एक उडवला. तो कोणी उडवला हे तिथे नावासकट दिसतं, हे मला माहीत नव्हतं. दहा मिनिटांत काका दारात. लिफ्ट बंद होती, त्यामुळे चार जिने चढून, धापा टाकत.

"मंगळवारी गणपती काढलात?"

बायकोने त्यांना चहा दिला. मला नाही. चहाच्या दुसऱ्या घोटाला कळलं की काकांनी पालिकेच्या पाणी खात्यात एकतीस वर्षं काढलीयत. दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवलं की परत सोडताना पहिल्या दाबाने जुन्या लोखंडी पाइपातला गंज सुटतो, म्हणून पहिलं पाणी टाकीत घ्यायचं नसतं, हे त्यांनी बिस्किट बुडवत सांगितलं.

"मग हे ग्रुपवर का नाही टाकलंत?"

"तुम्ही कुलूप घातलं होतंत."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी तीनदा टाकलं होतं. वाचतंय कोण?"

यावर मला बोलता येईना. शेवटी तह झाला: रोज सकाळी काकांचा एकच मेसेज, तोही फक्त पाण्याचा. काकांनी हातावर हात मारून कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. दव पडलेलं भलंमोठं सूर्यफूल, मागे उगवता सूर्य आणि त्यावर सोनेरी अक्षरांत: 'सुप्रभात! पाणी ६:४० ते ७:२५. पहिली पाच मिनिटं टाकीत घेऊ नये.' खाली हात जोडलेले आठ.

माझं बोट डिलीटवर गेलं.

"नंतर काढा तो," आतून आवाज आला, "आधी बादली लावा."