एक दिवस चुकला म्हणून योग बुडत नाही

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: 'योग सुरू करायचाय? पहाटे ४ ला उठा, रिकाम्या पोटी तासभर आसनं करा. सलग २१ दिवस केलं की सवय लागते. एक दिवस जरी चुकला तरी केलेलं सगळं वाया, पुन्हा पहिल्यापासून. अंग दुखलं तर थांबू नका, योग लागू पडतोय असं समजा.' खाली हात जोडलेले इमोजी. हेतू चांगलाच असणार. पण नवशिक्याला योगापासून लांब ठेवायचं म्हटलं, तर याहून पक्की सोय करता आली नसती.

आधी ते २१ दिवस. हा आकडा योगपरंपरेतून आलेला नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला स्वतःचा नवा चेहरा अंगवळणी पडायला निदान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये एका पुस्तकात लिहिलं. पुढे त्यातलं 'निदान' गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी जगातली झाडून सगळी सवय आली. सवयीचं प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केलं. ९६ जणांनी आपापली एक सवय निवडली, १२ आठवडे नोंदी ठेवल्या. सवय आपोआप घडू लागायला साधारण ६६ दिवस लागतात असं दिसलं. कुणाला १८ पुरले, तर कुणाला हिशेबाने २५४ लागले असते. जेवताना पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर बसली, व्यायाम रेंगाळला. तेव्हा बाविसाव्या दिवशी मॅटकडे बघून कंटाळा आला, तर तुमच्यात काही खोट आहे असं नाही.

'एक दिवस चुकला की सगळं वाया' हेही याच अभ्यासात टिकलं नाही. एखादा दिवस हुकल्याने सवय बसण्यात फारसा फरक पडला नव्हता. यावर कुणी योगसूत्रं लिहिणाऱ्या पतंजलींचा दाखला देईल, की अभ्यास, म्हणजे सराव, निरंतर हवा. बरोबर आहे, पण त्याच सूत्रात तो दीर्घकाळ आणि आदराने करायलाही सांगितलंय. खंड पडला की आधीचं पुसलं जातं, असं त्यात कुठेच नाही. उलट हठयोगप्रदीपिका या योगावरच्या जुन्या ग्रंथात योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टींची यादी आहे. अतिआहार, अतिश्रम, बडबड यांच्या रांगेत तिथे नियमाग्रह, म्हणजे नियमांचा हट्टही बसलाय! मेसेज लिहिणाऱ्याने एवढा एक श्लोक वाचायला हवा होता.

पहाटे ४ चं म्हणाल, तर ज्यांना जमतं त्यांनी खुशाल उठावं. शांतता असते, फोन वाजत नाही. पण ती अट नव्हे. हठयोगप्रदीपिकेतच कुंभकाच्या, म्हणजे श्वास रोखण्याच्या, सरावाला सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि मध्यरात्र अशा चार वेळा दिल्यात. शिवाय रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. सकाळी आपली उंचीही किंचित जास्त भरते. अशा वेळी उठल्या उठल्या पश्चिमोत्तानासनात कंबरेतून वाकलं, की चकत्यांवर ताण जास्त येतो. नवशिक्याचं अंग संध्याकाळी जास्त मोकळं असतं. पहाटेच करायचं असेल तर आधी थोडं चाला-फिरा, मार्जारासनाने, म्हणजे हातापायांवर ओणवं होऊन मांजरासारखी पाठ वर-खाली करत, पाठ हलती करा, पुढे वाकणं शेवटी ठेवा.

रिकाम्या पोटाचा मुद्दा मान्य. भरपेट जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. पण मग संध्याकाळही चालतेच की.

तासभराचं काय? दहा मिनिटं पुरेत, आणि त्यातली शेवटची दोन शवासनाला. थकून आलेल्या दिवशीही जेवढं होईल, तेवढंच सुरुवातीला ठरवावं. वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला बांधली तर बरी: दात घासले की मॅट.

आता सगळ्यात घातक वाक्य, दुखण्याचं. मांडीच्या मागे ओढ बसणं, दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकणं, हे चालायचंच. सांध्यात टोचणं, कळ येणं, मुंग्या येणं हे वेगळं. तिथे आसन सोडायचं. पद्मासनाचंच घ्या. पाय वर चढतो तो खरा खुब्यातून मांडी बाहेर वळल्यामुळे. खुब्याची हाडं प्रत्येकाची सारखी नसतात, काहींचा खुबा तेवढा वळतच नाही. मग आपण घोटा धरून पाय ओढतो आणि पिळ बसतो गुडघ्याला, ज्याची मुख्य हालचाल दुमडणं-उलगडणं एवढीच. ही कळ सोसून पद्मासन 'लागत' नाही, गुडघा जातो. त्यापेक्षा बुडाखाली घडी घातलेली चादर घेऊन साधी मांडी घालावी. आसन स्थिर आणि सुखकर असावं, एवढीच पतंजलींची अपेक्षा आहे.

आणि मेसेजमध्ये जे नाही तेही सांगतो: रक्तदाब, काचबिंदू, गरोदरपण किंवा पाठीचं जुनं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि शीर्षासनासारख्या उलट्या आसनांच्या वाटेला स्वतःहून जाऊ नका. सुरुवातीचे काही वर्ग तरी शिक्षकासमोर करा. व्हिडिओतल्या माणसाला तुमचा गुडघा दिसत नाही.