पडद्यावरचं पोरगं आणि आमची पाण्याची मोटर

मोठी माणसं पिक्चरमध्ये कितीबी रडू देत, मला काय होत नाही. हिरोनं पावसात उभं राहून हंबरडा फोडला तरी मी आपला भडंग खात बसतो. सांगलीत जन्म गेलाय ओ, विष्णुदास भाव्यांनी 1843 साली इथंच सीतास्वयंवर उभं केलं, तेव्हापासनं गल्लीतला प्रत्येक माणूस अभिनयाचा परीक्षक, 'गडी जरा जास्तच करतोय' म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. भोकाड पसरणाऱ्या पोरांचेसुद्धा मी मार्क कापतो. वांदा होतो तो गप्प पोरांचा.

परवा मेहुणा विट्याहून आलेला. जेवणं झाल्यावर म्हणतो कसा, "दाजी, श्वास लावू की." आता 2004 चा पिक्चर, श्यामची आईनंतर पन्नासेक वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ आणणारा, नको तरी कुठल्या तोंडानं म्हणायचं? कोकणातला छोटा परशा, डोळ्याचा कॅन्सर, ऑपरेशन केलं तर जीव वाचणार पण नजर जाणार. तो चिडतो, रडतो, तिथपर्यंत मी खिंड लढवली. पण मग आजोबा त्याला ऑपरेशनच्या आधी गुपचूप दवाखान्यातनं बाहेर काढतात, शहर दाखवायला, आणि ते पोरगं खुशीत येऊन सगळीकडं टकामका बघायला लागतं. अरे रडायचं तुझं काम, तू हसतोयस, मग तुझ्या वाटणीचं रडायचं कुणी? त्या अश्विन चितळेला बालकलाकाराचं नॅशनल अवॉर्ड मिळालं ते बरोबरच आहे, पण नुकसानभरपाई प्रेक्षकाला पण पाहिजे होती.

"मोटर बंद करून येतो," म्हणून मी उठलो.

आमच्याकडं पाणी सकाळी येतं हे घरात सगळ्यांना माहिती आहे. तरी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं, नाक शिंकरलं (ते हॉलपर्यंत ऐकू गेलं म्हणे), परत येऊन बघतो तर मेहुण्यानं तोंडावर टॉवेल घेतलेला. "सर्दी झालीय दाजी." बायको मात्र कोरडी ठणठणीत, मेथी निवडत पिक्चर सोडून आमच्या दोघांकडंच बघत बसलेली.

"अहो, काल आपलं स्वतःचं पोरगं मोबाईलसाठी फरशीवर लोळत होतं, तेव्हा तुम्ही पेपर वाचत होता की."

"ते ओव्हरॲक्टिंग करत होतं," मी म्हटलं. "नुसता आवाज. चेहऱ्यावर काय नाही."

हे बोलताना चिरंजीव कोपऱ्यात जागे आहेत इकडं माझं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, लोळला नाही, ओरडला नाही. चार्जिंगला लावलेल्या मोबाईलकडं एकदा बघितलं, माझ्याकडं एकदा बघितलं, मान खाली घातली आणि सावकाश नाक ओढलं.

"असू दे पप्पा. तुमचं चालू दे."

पासवर्डसुद्धा मीच टाकून दिला.