दोन इंग्रज म्हातारे आणि आमचे बेंजो मास्तर

सकाळी सोलापूरच्या कंबर तलावावर फेऱ्या मारताना मी कानात हेडफोन घालून दोन इंग्रज म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐकतो. बरोबर फिरणाऱ्या मित्राला वाटलं बाबा-महाराजांचं प्रवचन ऐकतोय, एक दिवस हेडफोन ओढून स्वतःच्या कानाला लावला आणि म्हणाला, "काय बे, दोघं भांडायलेत की नुसते!"

तर हे भांडणारे म्हणजे डेव्हिड हेपवर्थ आणि मार्क एलन. आयुष्यभर रॉक म्युझिकवर लिहून पोट भरलेली माणसं, क्यू आणि मोजो ही मासिकं सुरू करण्यात यांचाच हात, आता सत्तरी उलटल्यावर पॉडकास्ट करतात. किस्से तर काय एकेक. १३ जुलै १९८५ ला दुष्काळग्रस्तांसाठीच्या लाइव्ह एड या मोठ्या कार्यक्रमाच्या वेळी हेपवर्थ बीबीसीवर अँकर होता, देणगी कुठल्या पत्त्यावर पाठवायची ते सांगायला निघाला तर शेजारी बसलेल्या आयोजक बॉब गेल्डॉफने लाइव्ह टीव्हीवर शिवी हासडली, पत्ता राहू दे, आधी फोन नंबर दाखवा म्हणून. आणि एलन ऑक्सफर्डला शिकताना एका बँडमध्ये बास वाजवायचा, त्या बँडचा गायक होता टोनी ब्लेअर, जो पुढे पंतप्रधान झाला तोच.

हेपवर्थचं एक लाडकं म्हणणं आहे की रॉकचं सगळ्यात भारी वर्ष म्हणजे १९७१. का तर म्हणे एवढे चांगले अल्बम एका वर्षात परत कधी आलेच नाहीत. आता गंमत बघा, हा गडी जन्मला १९५० ला, म्हणजे १९७१ ला बरोबर एकवीस वर्षांचा. एकविसाव्या वर्षी कुणाला जग वाईट दिसतं? मला विचाराल तर १९९४. त्या वर्षी जगात काय भारी झालं म्हणून नाही, माझ्याकडे स्वतःचा टेपरेकॉर्डर आला म्हणून.

आमचं घर पूर्व भागात, दिवसरात्र मागाची खटखट, पाहुणे आले की त्यांना झोप यायची नाही आणि लाइट गेली की आम्हाला जाग यायची. अशा घरात रॉक आला कुठून तर रद्दीच्या दुकानातून. किलोवर मासिकं मिळायची, त्यात कधीतरी कव्हर फाटलेलं एखादं इंग्रजी म्युझिक मॅगझिन. मी डिक्शनरी घेऊन रिव्ह्यू वाचायचो, आणि गाणं ऐकायला मिळायचं सहा महिन्यांनी, कधी दोन वर्षांनी, कुणीतरी पुण्याहून आलं आणि त्याच्याकडनं कॅसेट भरून घेतली तर. म्हणजे गाणं आधी वाचलं आणि मग ऐकलं. एका रिव्ह्यूत लिहिलेलं की गिटार कारखान्याच्या भोंग्यासारखी वाजते, मला भोंगा म्हणजे गिरणीचा पाळीचा भोंगा माहीत, मी मनातल्या मनात असली जबरदस्त गिटार वाजवून ठेवलेली की पुढं खरी ऐकली तेव्हा चक्क पडेल वाटली. आज पोरं गाणं लावतात, दहा सेकंदात आवडलं नाही तर पुढं ढकलतात. चूक की बरोबर मला ठाऊक नाही, पण लिहिणाऱ्याची गरज तिथंच संपली. एनएमई हा इंग्रजी म्युझिकचा पेपर १९५२ पासून निघायचा, २०१८ ला त्याचा दर आठवड्याचा छापील अंक बंद झाला. क्यू २०२० ला गेला.

पण मला लिहायचंय ते बर्मिंगहॅमच्या ब्लॅक सॅबथ या बँडबद्दल.

बर्मिंगहॅम म्हणजे कारखान्यांचं गाव, आपल्यासारखंच म्हणा, फक्त सुताऐवजी लोखंड. सॅबथचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, नोकरीचा शेवटचा दिवस, दुसऱ्याच्या जागी मशीनवर उभं केलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायच्या हाताचीच बोटं. गड्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, गिटारला बँजोच्या पातळ तारा लावल्या आणि पुढं तारा ढिल्या करून सूर खाली आणला. आपण ज्याला हेवी मेटल म्हणतो तो जडशीळ आवाज बराचसा यातनं आलाय. पहिला अल्बम फेब्रुवारी १९७० ला आला आणि रोलिंग स्टोन या अमेरिकन मॅगझिनमध्ये लेस्टर बँग्ज नावाच्या रिव्ह्यूवाल्याने तो धू धू धुतला. तोच बँग्ज दोन वर्षांनी क्रीम मासिकात सॅबथवर पानंच्या पानं मनापासून लिहीत होता. हे मला लई आवडतं. माणूस चुकला, आणि चुकलेलं छापून ठेवलंय म्हणून आज आपल्याला दिसतंय.

माझं मत विचाराल तर लेस्टर बँग्ज कॅलिफोर्नियातला, त्याच्या कानाला ते पहिल्या झटक्यात कळणं अवघड होतं. पूर्व भागात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. चादरीच्या कारखान्यात बोट गेलेला एक तरी माणूस आमच्या प्रत्येक गल्लीत होता, आणि ठेका तर पाळण्यापासून कानात. २०२५ च्या जुलैत सॅबथचा गायक ओझी ऑस्बॉर्न गेला (स्वतःच्या गावात, बर्मिंगहॅमला, शेवटचा शो केल्यावर सतरा दिवसांनी) तेव्हा आमच्यातल्या एका जुन्या लूमवाल्यानं व्हॉट्सॲपवर नुसता फोटो टाकला, खाली एक शब्द नाही.

आता बँजो वेगळा आणि आपला बेंजो वेगळा हे सोलापूरकराला सांगायला नको. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा, मूळ जपानातलं ताइशोगोतो, इकडं येऊन बुलबुलतरंग झालं, मग कुणीतरी तारांचा आवाज उचलणारा पिकअप लावून अॅम्प्लिफायरला जोडलं आणि झाला वरातीतला बेंजो. मी तर म्हणतो तोच आमचा लीड गिटारवाला. ढोल-ताशा, कॅसिओ, त्याच्यावर बेंजो किंचाळतोय, गणपती असो नाहीतर चौदा एप्रिल, मास्तरनं सूर ओढला की माणसं जागची हलायची नाहीत. मग डॉल्बी आला आणि मास्तर घरी बसले. यावर कुणी कधी दोन ओळीचा तरी रिव्ह्यू लिहिला का? आपल्याकडं नाट्यसंगीतावर ग्रंथ आहेत, गायकांच्या घराण्यांवर आहेत, बेंजो पार्टीवर लिहायचं म्हणलं की विद्वानांची नाकं मुरडतात. बोलणारे आहेत, चहाच्या गाड्यावर हेपवर्थला मागं टाकतील असे आहेत, समोर माइक नाही एवढंच.

म्हणून गेल्या रविवारी मी आमच्या ओळखीतल्या एका मास्तरांकडे गेलो, वय शहात्तर, मोबाइल टेबलावर ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. विचारलं, "मास्तर, तुमच्या मते बेंजोचं सगळ्यात भारी वर्ष कुठलं?" मास्तर म्हणाले, "ज्या वर्षी सगळ्यांनी सुपारीचे पूर्ण पैसे दिले ते. अजून आलं नाही."

एकूण बावन्न मिनिटं झालीत. त्यातली वीस अॅम्प्लिफायरच्या भाड्यावर, सात-आठ मिनिटं नुसता मिक्सर, कारण आत काकू शेंगाचटणी करत होत्या. पिकअप आपल्या भागात पहिल्यांदा मीच लावला असं मास्तरांचं ठाम म्हणणं. ही क्लिप मी पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या मास्तरांना ऐकवली, ते पाच मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, "खोटं बोलायलाय. येत्या रविवारी माझ्याकडं ये."

जातोय.