‘आधार आहे ना? मग बास!’ हे सोनौलीच्या नाक्यावर का चालत नाही

आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. मूळ कुणाचा ते माहीत नाही, पण सांगली-मिरजेतल्या बऱ्याच मोबाइलवर तो एकदा तरी येऊन गेला असणार. मजकूर साधारण असा: ‘अयोध्या-गोरखपूरला निघालाय? मग एका दिवसात नेपाळ उरकून या! पासपोर्ट नको, व्हिसा नको, फक्त आधार. मुलांना तर काहीच लागत नाही. स्वतःची गाडी बिनधास्त न्या. आपले पैसे चालतात, यूपीआयसुद्धा. सकाळी लुंबिनी, संध्याकाळी परत गोरखपूर. एका दिवसात काय होतंय?’ शेवटी हात जोडलेले चार इमोजी.

मी स्वतः चौदा-पंधरा जणांना घेऊन ही फेरी दोनदा केली आहे, म्हणून लिहितो. या मेसेजमधलं निम्मं खरं आहे, आणि घोळ त्या निम्म्यामुळेच होतो. सगळंच खोटं असतं तर कुणी ऐकलं नसतं.

आधी खरं ते सांगतो. भारतीय नागरिकाला नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. १९५० च्या मैत्री करारापासून ही ये-जा मोकळी आहे आणि १,७५१ किलोमीटरच्या सीमेवर कुठेही सलग कुंपण नाही. गोरखपूरहून सोनौली, म्हणजे सीमेवरचं आपल्या बाजूचं शेवटचं गाव, शंभरेक किलोमीटर. कमान ओलांडली की बेलहिया, पुढे भैरहवा, आणि सीमेपासून पंचवीस-तीस किलोमीटरवर लुंबिनी. पहाटे निघालात तर संध्याकाळी परत येता येतं, हेही खरं. नाक्यावर पुष्कळदा कुणी काही विचारत नाही, हेसुद्धा मान्य. ‘आमच्या भावजींना कुणी अडवलं नाही’ असं सांगणारे खोटं बोलत नसतात. पण अडवलं नाही याचा अर्थ कागद पुरेसा होता असा होत नाही. आपण म्हैसाळवरून कागवाडला जातो तेव्हा तरी कोण काय विचारतं? आणि २०२१ च्या फेब्रुवारीत कर्नाटकाने आरटीपीसीआरचा रिपोर्ट मागायला सुरुवात केली, तेव्हा त्याच नाक्यावरून किती जण माघारी फिरले, आठवून बघा. ती तर राज्याची हद्द होती.

आता ‘फक्त आधार’. तुमच्याआमच्यासारख्या माणसासाठी खात्रीचे कागद दोनच: चालू मुदतीचा पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड. आधार चालतं ते पंधरा वर्षांच्या आतल्यांना आणि पासष्टच्या पुढच्यांना. ही सवलतही जानेवारी २०१९ मध्ये गृह मंत्रालयाने दिली, त्याआधी तीसुद्धा नव्हती. कारण सोपं आहे. आधार म्हणजे तुम्ही कोण याचा पुरावा, तुम्ही कोणत्या देशाचे याचा नव्हे. तो नागरिकत्वाचा दाखला नाही, हे आधार देणारं प्राधिकरण स्वतःच सांगतं. आणि सीमेवर प्रश्न नेमका तोच असतो.

आमच्या दुसऱ्या फेरीत हे आम्ही भोगलं. ग्रुपमधले एक काका सदुसष्ट वर्षांचे, काकू एकसष्टच्या. मेसेज वाचून दोघांनी फक्त आधार आणलेलं. त्या दिवशी तपासणी कडक होती. जवानाने काकांचं कार्ड बघून जा म्हटलं, काकूंचं बघून थांबवलं. काकू म्हणाल्या, ‘अहो, हे माझे मिस्टर आहेत, ते चालतात तर मी का नाही?’ त्याने शांतपणे समजावलं. कुटुंब एकत्र असेल आणि त्यातल्या एका मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांना फोटोचं आणि नातं सांगणारं दुसरं काही चालतं, उदाहरणार्थ रेशन कार्ड. पण इथे काकांकडेही आधारच. मुलाला सांगलीला फोन केला, त्याने गोदरेजच्या कपाटातून काकूंचं मतदार कार्ड शोधून फोटो पाठवला. त्यावर नाव सासरचं, तेही चुकीचं छापलेलं, आणि आधारवर माहेरचं! फोटो चालणार नाही, मूळ कार्ड हवं, असं उत्तर आलं. काकांना परवानगी होती, पण ते गेले नाहीत. दोघं सोनौलीतच एका धर्मशाळेत भडंग खात संध्याकाळपर्यंत बसली. जवानाचं काहीच चुकलं नाही. चूक यादी करणाऱ्याची, म्हणजे माझी. प्रत्येकाचा कागद हातात घेऊन बघायला हवा होता, ‘सगळ्यांनी घेतलंय ना’ एवढं विचारून भागत नाही.

बायकांच्या बाबतीत हा नावाचा घोळ मला फार दिसतो. माहेरचं नाव एका कार्डावर, सासरचं दुसऱ्यावर, बँकेत तिसरंच स्पेलिंग. घरी बसून त्याचं काही वाटत नाही.

‘मुलांना काहीच लागत नाही.’ पंधराच्या आत आधार चालतं, म्हणजे आधार लागतं. पंधरा ते अठरा हा मधला गट सगळ्यांच्या ध्यानातून सुटतो. त्यांना आधारची सवलत नाही आणि मतदार कार्ड अठराच्या आधी मिळत नाही. त्यांच्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेला दाखला लागतो, किंवा आईवडील बरोबर असतील तर कुटुंबाचा तो वरचा नियम आणि शाळेचं ओळखपत्र. मे महिन्याच्या सुट्टीत शाळा बंद असते, हे लक्षात घेऊन दाखला आधीच काढा.

आणि एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. विश्रामबागेत दर चौथ्या घरात कुणीतरी अमेरिकेत. सुट्टीत नातू आला की आजोबा त्यालाही घेऊन निघतात. नातू आपला, पासपोर्ट परका. तो तिथे जन्मलेला असेल तर नेपाळच्या दृष्टीने अमेरिकी नागरिक, त्याला नेपाळचा व्हिसा लागतो. पंधरा दिवसांचा तीस डॉलरला बेलहियात मिळतो. पण त्याआधी सोनौलीत भारतातून बाहेर पडल्याचा शिक्का घ्यावा लागतो, आणि परत येताना पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत सरकार देतं ते) दोन्ही लागतात. ओसीआय नसून एकदाच प्रवेशाचा भारतीय व्हिसा असेल तर नातू लुंबिनीत आणि आजोबा गोरखपुरात, अशी गत.

गाडीचं थोडक्यात. एमएच-१० ची पाटी बघून कुणी आरती ओवाळत नाही. तिथे भन्सार, म्हणजे नेपाळच्या कस्टम्सची दिवसाच्या हिशेबाची पावती घ्यावी लागते. मूळ आरसी आणि लायसन्स लागतं, गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं पत्रही. एका दिवसाची पावती काढून मुक्काम पडला की दंड. विम्याचा तर कुणी विचारच करत नाही. आपली नेहमीची पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. नेपाळसाठी कंपनीकडून भौगोलिक क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं, त्या पुरवणीला विमावाले आयएमटी-१ म्हणतात. मी दोन्ही वेळा गाडी अलीकडेच लावली आणि पलीकडून नेपाळी नंबरची गाडी केली. लुंबिनीच्या स्तंभावर अशोकाने गावचा कर माफ करून उत्पन्नाचा आठवा भागच ठेवल्याचं कोरलंय. भन्सारच्या खिडकीवर तशी सोय नाही.

पैशांचं अर्धवट खरं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटा बंद केल्या. अलीकडे हे सैल करण्याच्या हालचाली झाल्यात, पण दुकानदार पाचशेची नोट घेईलच या भरवशावर जाऊ नका, शंभराच्या न्या. दर ठरलेला: आपले शंभर म्हणजे त्यांचे एकशे साठ, १९९३ पासून. भाव विचारताना मात्र ‘आयसी की एनसी’ हे विचारायचं, भारतीय की नेपाळी. आमच्या एका वहिनींनी माळ घेताना हे विचारलं नाही आणि नेपाळी भाव आयसीत चुकता केला. मार्च २०२४ पासून तिथल्या क्यूआरवर यूपीआय चालू झालंय, पण ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेले हवेत आणि मोबाइलला नेट हवं. आपलं सिम रोमिंगशिवाय सीमेच्या थोडं आतपर्यंतच तग धरतं. म्हणजे जिथे पैसे द्यायचे तिथे ते गप्प.

आणि आता तो शेवटचा, खरा धोक्याचा सवाल: ‘एका दिवसात काय होतंय?’

८ सप्टेंबर २०२५ ला सकाळी जे एका दिवसासाठी नेपाळात होते त्यांना विचारा. समाजमाध्यमांवरच्या बंदीवरून तरुण रस्त्यावर आले, गोळीबार झाला, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला, संचारबंदी लागली, काठमांडूचा विमानतळ बंद पडला. महाराष्ट्रातले पर्यटकही अडकले. आंदोलन सोडा, साध्या निवडणुकीतही मतदानाआधी सीमा बंद करतात, बहुधा ७२ तास. आपल्याकडच्या आणि त्यांच्याकडच्याही. तारीख ठरवताना हे कोण बघतं?

२३ ऑगस्ट २०२४ ची घटनाही विसरता येत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना तनहूं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली, २७ जण गेले. तो प्रवास एका दिवसाचा नव्हता आणि त्या लोकांचा काही दोषही नव्हता. पण तेव्हापासून मी बसमध्ये कोण कोण आहे याची नावं, वय, रक्तगट आणि घरचा नंबर अशी यादी तीन प्रतींत ठेवतो: एक माझ्याकडे, एक ड्रायव्हरकडे, एक सांगलीत घरी. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी. फोन फुटला, पाण्यात गेला, तरी चिठ्ठी बोलते. अशा वेळी मूळ ओळखपत्रावरून माणूस लवकर ओळखला जातो, दूतावासाचं काम सोपं होतं.

दवाखान्याचंही तसंच. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव उशाला असल्याने आपल्याला वाटतं, काही झालं तर बघू. पण मेडिक्लेम बहुतेक वेळा भारतातल्याच उपचारांसाठी असतो. एका दिवसासाठीही परदेश प्रवासाचा विमा मिळतो, तो घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवसांच्या जास्त आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आपला ११२ तिथे लागत नाही. पोलीस १००, रुग्णवाहिका १०२. घड्याळही पंधरा मिनिटं पुढे आहे. गाडी ठरवताना ‘पाच वाजता’ म्हणजे कुणाचे पाच, हे विचारून घ्या.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं तर एका आप्पांनी अंगठा दाखवला आणि तासाभरात तोच मेसेज परत टाकला. आता त्यात भर पडलीय: ‘घुमानला नामदेवांचं दर्शन झालं की करतारपूरही आधारवर!’ करतारपूरचा गुरुद्वारा पाकिस्तानात. तिथे व्हिसा नाही, पण पासपोर्ट लागतोच. आधी ऑनलाइन नोंदणी, वीस डॉलर शुल्क, आणि त्याच दिवशी परत. मे २०२५ मध्ये तर भारताने तो मार्गच बंद केला. तेही लिहिलं.

काकूंनी मतदार कार्डावरच्या नावासाठी फॉर्म ८ भरलाय. आप्पांचा मेसेज बघून त्यांचा मला फोन आला, ‘भाऊजी, करतारपूर राहू दे, आधी माझं लुंबिनी राहिलंय.’